गडबड सगळी तळाशी!

दोन फूट लांब, एक फूट रुंद अशी अगदी साधी माशांची टाकी घ्या. तिच्या तळाशी दोन इंच जाडीचा खडीचा थर द्या, खडा साधारण ३ मिलिमीटरचा. आता या थरातल्या एकेका खड्याचा पृष्ठभाग मोजून बेरीज केली, तर आकडा येतो सुमारे ११ चौरस मीटर, म्हणजे १२० चौरस फुटांच्या आसपास. खडीऐवजी १ मिलिमीटरची वाळू घातली, तर तोच आकडा साडेतीनशे चौरस फुटांच्या पुढे जातो. मुंबईत एवढ्या जागेत वन रूम किचन बसतं!

या जागेत राहतात जिवाणू, आणि टाकीतला प्रत्येक मासा त्यांच्या जिवावर जगतो. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजलं की आणखी अमोनिया तयार होतो. तो विषारी. खड्यांवर चिकटलेले काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि तिथे मासा सुटकेचा श्वास सोडतो. नायट्रेट थोडं साठलं तरी चालतं, झाडं ते खातात, बाकीचं पाणी बदलताना निघून जातं. ही दोन टप्प्यांची साखळी १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने मातीतल्या जिवाणूंवर काम करताना उलगडली. नव्या टाकीत ही फौज उभी राहायला तीन ते सहा आठवडे लागतात. टाकी आणली, पाणी भरलं, संध्याकाळी डझनभर मासे सोडले, आणि आठवड्यात निम्मे गेले, यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

पुस्तकं चुकली, टाक्या बरोबर होत्या

टाकीतलं नायट्राइट संपवणारा जिवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर, असं मत्स्यालयांची पुस्तकं अनेक दशकं सांगत होती. १९९८ मध्ये टिमथी होवानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा हे काम करताना सापडला नायट्रोस्पायरा. २०११ मध्ये कॅनडातल्या संशोधकांना दिसलं, की गोड्या पाण्याच्या बहुतेक टाक्यांच्या फिल्टरांत अमोनियाचं काम जिवाणूंपेक्षा आर्किया नावाचे वेगळेच सूक्ष्मजीव जास्त करतात. २०१५ साली तर कमालच झाली. दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा सापडले, आणि त्यातले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये! सव्वाशे वर्षं ज्याला दोघांचं काम समजलं गेलं, ते एकटा करू शकतो हे कळलं ते माशांच्या पाण्यातून. मला ही गोष्ट फार आवडते.

म्हणूनच दिवाळीच्या साफसफाईत सगळी खडी परातीत काढून नळाखाली घासूनपुसून धुणं ही टाकीवरची मोठी आपत्ती. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारायलाच घातलेलं असतं, आणि ते चांगल्या-वाईटात फरक करत नाही. खडी लखलखीत होते, अमोनिया खाणारं कोणी उरत नाही.

वाळू कुठे संपते?

२ मिलिमीटरला. चेस्टर वेंटवर्थ या अमेरिकी भूवैज्ञानिकाने १९२२ मध्ये कणांची मोजपट्टी मांडली. तिच्यात ०.०६२५ ते २ मिलिमीटर म्हणजे वाळू, त्याच्या वर खडी. टाकीतही ही रेघ महत्त्वाची आहे. खडीच्या फटींतून खाणं आणि विष्ठा खाली उतरते आणि नजरेआड साठते. बारीक वाळूत फटी नसल्यासारख्याच, त्यामुळे घाण वर पडून राहते. ती दिसते म्हणून लोक वाळूला नावं ठेवतात. पण दिसणारी घाण उचलता येते, खडीखाली लपलेली नाही.

मग सुरुवातीचं ते साडेतीनशे चौरस फुटांचं काय? बारीक वाळूत पाणी खोलवर फिरत नाही, ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे खालची बरीचशी जागा या जिवाणूंच्या कामाची राहत नाही. जुन्या टाक्यांत तळाशी प्लास्टिकची जाळी असायची आणि एअर पंपाच्या बुडबुड्यांनी पाणी खडीतून खाली ओढलं जायचं. तो अंडरग्रॅव्हल फिल्टर ३ ते ५ मिलिमीटरच्या खडीवर उत्तम चालतो. वाळू घातली की जाळी बुजते.

तोंडात वाळू, कल्ल्यातून बाहेर

दक्षिण अमेरिकेतला जिओफेगस मासा तोंड भरून वाळू उचलतो, आतल्या आत चाळतो, खाण्यासारखं तेवढं ठेवतो आणि उरलेली वाळू तोंडातून आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतो. दिवसभर हाच उद्योग. त्याला जाड खडीवर ठेवलं तर त्याचा दिवसच रिकामा होतो.

कोरीडोरस, म्हणजे दुकानात सहज मिळणारे ते मिशीवाले छोटे कॅटफिश, नाक वाळूत खुपसून असेच चाळत फिरतात. त्यांच्या मिशा झिजल्या की दोष टोकदार खडीला दिला जातो. माझ्या मते त्याहून मोठा गुन्हेगार म्हणजे घाणेरडा तळ: सडत्या थरात सतत तोंड घालणाऱ्या माशाच्या मिशांना जंतुसंसर्ग होतो. गुळगुळीत वाळू हवीच, पण ती स्वच्छही हवी.

गोल्डफिशचं उलट. तो हावरा, खाताना खडेही तोंडात घेतो आणि थुंकतो. वाटाण्याएवढा खडा कधीकधी घशात अडकतो. त्याच्यासाठी एक तर बारीक वाळू, नाहीतर त्याच्या तोंडात मावणारच नाहीत असे मोठे गोटे. मधला आकार टाळायचा.

आणि आपला वाम! गोड्या पाण्यातला हा काटेरी पाठीचा लांबट मासा मऊ वाळूत अंग पुरून फक्त नाकाडं बाहेर ठेवतो. टाकीसाठी वामाचे लहान भाऊबंद विकले जातात, त्यांनाही हीच सवय. टोकदार खडीत घुसताना त्यांची कातडी सोलवटते. ज्याला पुरून घ्यायची सवय आहे त्याला वाळू देणार नसाल, तर तो मासा आणूच नका.

पेंग्विनने दिलेला कौल

तळाच्या रंगाने माशाचा रंग बदलतो. माशाच्या कातडीत काळ्या रंगद्रव्याच्या पेशी असतात. गडद तळावर त्या पेशींतलं रंगद्रव्य पसरतं, फिकट तळावर ते मध्यभागी गोळा होतं. पांढऱ्या शुभ्र वाळूवर निऑन टेट्रा फिकुटलेला दिसतो आणि काळ्या वाळूवर तोच मासा झळाळतो, याचं बरंचसं कारण हे.

अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस समनर यांनी १९३०च्या दशकात याचा झकास प्रयोग केला. मासा कोणता? गंबुशिया. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आपल्याकडे विहिरी-तळ्यांत सोडतात तोच! काही गंबुशिया काळ्या टाक्यांत आणि काही पांढऱ्या टाक्यांत कित्येक आठवडे ठेवले. मग दोन्ही गट एकत्र करून गॅलापागोस पेंग्विनांसमोर सोडले. पेंग्विनांनी जास्त करून तेच मासे टिपले ज्यांचा रंग भोवतालाशी जुळत नव्हता. तळाशी जुळलेला रंग माशासाठी जीव वाचवणारी गोष्ट आहे. भडक गुलाबी किंवा निळ्या खडीवर मासा लपणार कसा, हा प्रश्न दुकानात खडी निवडताना मनात असावा. रंगवलेली खडी घ्यायचीच असेल, तर आधी पांढऱ्या बादलीत चार-पाच दिवस भिजवून ठेवा. पाणी रंगलं तर ती परत करा.

एक डॉक्टर, एक मासा, एक दगड

झेब्रा डॅनिओ हा टाकीतला पट्टेरी, चपळ, स्वस्त मासा. जगभरच्या प्रयोगशाळांचाही लाडका. हा मासा आपल्या उपखंडातला. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली.

याच डॉक्टरचं आधीचं आडनाव बुकॅनन. त्या नावाने त्याने मद्रासहून म्हैसूर, कानडा आणि मलबारचा प्रवास केला. केरळातल्या अंगाडिपुरमला त्याने एक लाल, सच्छिद्र दगड पाहिला. जमिनीतून काढताना मऊ, कुऱ्हाडीने चिरे पाडता येतील असा, आणि हवेत ठेवला की कडक होणारा. १८०७ साली त्याने त्याला लॅटराइट हे नाव दिलं. कोकणी वाचकाने एव्हाना ओळखलं असेल: हा आपला जांभा! रत्नागिरी-सिंधुदुर्गातली घरं, गडगे, विहिरी ज्याच्या, तो. अंगाडिपुरमची ती जागा आज राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे.

आता गंमत पाहा. १९८०च्या दशकात जर्मनीत कास्पर होर्स्ट आणि होर्स्ट किपर या दोघांनी झाडांच्या टाकीची एक पद्धत मांडली. तिच्यात खडीच्या खालच्या थरात काय मिसळायचं? लॅटराइट. कारण लोह. जांभ्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. उघड्या पाण्यात ते विरघळत नाही, पण खडीखाली ऑक्सिजन कमी पडला की त्यातलं थोडं लोह विरघळणाऱ्या रूपात येतं आणि मुळांना मिळतं. लोह कमी पडलं की झाडाची नवी पानं पिवळी पडतात. तेव्हा ज्या माणसाने डॅनिओची नोंद केली, त्यानेच नाव दिलेला दगड दीडशेहून जास्त वर्षांनी माशांच्या टाकीत जाऊन बसला.

डॅनिओला स्वतःला काय आवडतं, हेही तपासलं गेलंय. तो अंडी विखरून टाकतो आणि संधी मिळाली तर स्वतःच खातो. मात्र गाळ आणि खडी दोन्ही समोर असतील तर अंडी खडीवर टाकणं पसंत करतो, कारण ती फटींत पडून सुरक्षित राहतात. पैदास करणारे म्हणूनच तळाशी काचेच्या गोट्यांचा थर देतात. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये डॅनिओंना वेगवेगळे तळ देऊन पाहिले. त्यांना खडी आवडलीच, शिवाय खडीचं नुसतं चित्रही आवडलं! उघडीबोडकी काच पाहणाऱ्याला स्वच्छ वाटते, माशाला ती घर वाटत नाही.

घरातली प्रयोगशाळा

वाळूवर थोडं व्हिनेगर टाका. बुडबुडे आले की समजा तिच्यात चुना आहे: शिंपले, पोवळं किंवा चुनखडी. अशी वाळू पाण्यात हळूहळू विरघळते, पाणी कठीण करते आणि सामू वर नेते. ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातल्या टेट्रा आणि डिस्कसला ते सोसत नाही. पण आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिड माशांना तेच हवं असतं. तिथलं पाणी मुळातच आम्लारीधर्मी. त्यांच्या टाकीत पोवळ्याचा चुरा मुद्दाम घालतात.

कोकण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरची वाळू पिशवीत भरून आणायचा मोह अनेकांना होतो. नको. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा दोन्ही असतं. रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड, लोहयुक्त खनिजं आहेत. कोणत्याही काळ्या वाळूवरून आधी लोहचुंबक फिरवून पाहा. कण चिकटले, तर तेच कण फिल्टरच्या मोटारीतल्या चुंबकालाही चिकटतील आणि तिचा पंखा अडकेल.

बांधकामावरची क्रश सँड बेसॉल्ट फोडून केलेली. आपला काळा पाषाण पाण्यात फारसं काही सोडत नाही, त्यामुळे रसायनाच्या बाजूने ती ठीक. पण कडा धारदार आणि भुकटी अमाप. तळ चाळणाऱ्या माशांना ती देऊ नये. नदीची वाळू तर उपशाने आधीच संपत चाललीय, टाकीसाठी ती खरवडून आणू नये. चाळून गट केलेली सिलिका वाळू पिशवीत मिळते, स्वस्त असते आणि पाण्याशी काही व्यवहार करत नाही. आपल्याकडे सिंधुदुर्गात कासार्डेला सिलिका वाळूच्या खाणी आहेत. काचही मुख्यतः सिलिकाचीच, त्यामुळे टाकीच्या भिंती आणि टाकीचा तळ एकाच कुळातले!

चिखलाचा मान

१८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने केमिकल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरियाची झाडं आणि गोगलगाई यांचा तोल साधला, तर पाणी टिकतं हे त्याने दाखवलं. त्याच्या भांड्याच्या तळाशी होती वाळू आणि चिखल. झाडं टाकीत रुजली ती चिखलात.

नंतर चिखलाला घाण म्हणून हाकललं गेलं. १९९९ साली डायना वॉल्स्टॅड यांचं टाकीतल्या झाडांच्या पर्यावरणावरचं पुस्तक आलं आणि माती परतली: खाली इंचभर साधी बागेची माती, वर इंचभर खडीचं झाकण. खत घातलेली माती नको, नाहीतर अमोनियाचा पूर येतो.

जपानच्या ताकाशी अमानो यांनी वेगळी वाट काढली. आधी ते सायकल शर्यतपटू, मग निसर्ग छायाचित्रकार, मग पाण्याखालच्या बागांचे उस्ताद. त्यांच्या कंपनीने मातीचे भाजलेले काळे दाणे लोकप्रिय केले. ही ॲक्वासॉइल अन्नद्रव्यं धरून ठेवते, पाणी मऊ करते आणि सामू खाली आणते. तिचे दोन स्वभाव लक्षात ठेवा: पहिले काही आठवडे ती स्वतःच अमोनिया सोडते, आणि काही वर्षांत दाणे फुटून चिखल होतो. ती धुवायचीही नाही, धुतली की भुगा होते. अमानो २०१५ मध्ये गेले. त्याच वर्षी लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांची ४० मीटर लांब, १ लाख ६० हजार लिटरची टाकी खुली झाली. छोट्या टाकीला खोली देण्याची त्यांच्या पंथातली एक युक्ती कोणालाही जमेल: थर पुढे दोन बोटं, मागे चौपट उंच, आणि मागच्या बाजूला बारीक खडे.

सह्याद्रीचे दोघे

झेब्रा लोच या नावाने विकला जाणारा पट्टेरी मासा, शास्त्रीय नावाने बोटिया स्ट्रिएटा, पश्चिम घाटाचा रहिवासी. कृष्णेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत, नद्यांत तो सापडतो आणि आज संकटग्रस्त आहे. दुसरा लाल-काळ्या पट्ट्याचा डेनिसन बार्ब, केरळच्या वेगवान प्रवाहांतला, तोही संकटग्रस्त. २०१३ मध्ये त्याला नवी प्रजाती मिळाली, सह्याद्रिया, आणि ते नाव देणाऱ्यांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. या दोघांना गोल गोटे, त्यांच्यामध्ये थोडी वाळू आणि पाण्याचा जोर हवा. घेताना टाकीत पैदास केलेलेच मागा.

वजन, डाग आणि वास

सुरुवातीच्या त्या टाकीतला दोन इंचांचा थर भरतो १४-१५ किलो. पाणी आणि काच वेगळी. स्टँड घेताना हे धरा. मोठे दगड ठेवायचे असतील तर आधी दगड तळाच्या काचेवर टेकवा आणि मग भोवती वाळू भरा. मलावीचे सिक्लिड वाळू उपसतात, आणि वाळूवर ठेवलेला दगड घसरून काच फोडू शकतो.

खोल वाळूत काळे डाग दिसले, ढवळल्यावर सडक्या अंड्यांचा वास आला, तर तिथे ऑक्सिजन संपलाय आणि हायड्रोजन सल्फाइड तयार झालाय. घाबरून सगळं एकदम ढवळू नका. थोडा गॅस वरच्या ऑक्सिजनयुक्त पाण्यात आला तर लवकर निष्प्रभ होतो, एकदम भसकन आला तर मासे मरतात. अशाच कोंदट थरात काही जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून तो हवेत घालवतात, म्हणजे तो सगळाच वाईट नाही. थर दोन इंचांच्या आत ठेवला किंवा दाट मुळांची झाडं लावली तर त्रास होत नाही, कारण मुळं ऑक्सिजन सोडतात.

शिवाय मलेशियन ट्रम्पेट नावाची शंकूसारखी गोगलगाय आहेच. आपल्याकडच्या तळ्यांतही आढळते. दिवसा वाळूत शिरून ती उकरत राहते, रात्री बाहेर पडते. रात्री दिवा लावल्यावर काचेवर त्यांचा थवा दिसला, तर खाणं जास्त पडतंय हे नक्की.

सायफनचा हात

खडी असेल तर सायफनची रुंद नळी खडीत खुपसा: हलकी घाण वर ओढली जाते, जड खडे नळीतच घोळून खाली पडतात. वाळू असेल तर नळी अर्धा-एक इंच वर धरून फिरवा. झाडांच्या मातीत नळी खुपसायचीच नाही. एका वेळी तळाचा एक तृतीयांश भाग पुरे, आठवड्याला २०-२५ टक्के पाण्याबरोबर. पुढच्या आठवड्यात पुढचा तुकडा. नवं पाणी थेट वाळूवर ओतू नका, बशी ठेवून तिच्यावर ओता, म्हणजे ढग उठत नाही.

संपूर्ण तळ बदलायचा असेल तर तोही असाच, थोडाथोडा, काही आठवडे मध्ये सोडून. आणि कोणी नवी टाकी लावत असेल, तर आपल्या निरोगी टाकीतली दोन मुठी ओली खडी जुन्या मोज्यात बांधून त्याला द्या. नेताना सुकू देऊ नका, नळाखाली धरू नका. ती त्याच्या टाकीत बुडवून ठेवली की वाट पाहण्याचे आठवडे पुष्कळ कमी होतात.